भेव नाई तिनं घरी जाय

तलावात उतरायच्या आधी गिरजाबाई पाळीवर उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि एकेका बाईच्या तोंडाकडे बघून विचारायची, "भेव लागते का तुले?" बाई म्हणाली "हाव, लागते", की गिरजाबाईचा हात पाण्याकडे जायचा. म्हणजे उतर. एखादी "नाई लागत" म्हणाली, की तोच हात गावाकडे वळायचा. "मंग घरी जाय. भेव नाई तिनं घरी जाय." त्यावर चर्चा नाही, विनवणी नाही. वीस-बावीस बायांची ही हजेरी रोज चालायची आणि ती संपल्याशिवाय कुणाचा पाय ओला व्हायचा नाही.

मी पहिल्याच दिवशी घरी गेले. वरोऱ्याहून नवीन नोकरीवर आलेली, पायात पांढरे बूट, खांद्याला संस्थेची पिशवी, वय चोवीस. पाणथळ जागा वाचवायच्या तर गावातल्या लोकांना सोबत घेऊनच, असं आमच्या संस्थेचं म्हणणं, आणि ते लोकांना सोबत घ्यायचं काम माझ्याकडे. लोक मात्र आधीच पाळीवर येऊन रांगेत उभे होते आणि मीच शेवटी धापा टाकत पोचले होते. गिरजाबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं. मी म्हटलं, "छे, मला नाही वाटत भीती." हात गावाकडे वळला. मला वाटलं थट्टा आहे, म्हणून मी हसले. बाकी कुणी हसलं नाही. मग काय, गेले.

तलावापासून गाव दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंनी धान, मध्ये बांधाची वाट, आणि अर्ध्या वाटेत डाव्या हाताला झुडपांची एक दाटी. येताना मी फोनवर बोलत आले होते, त्यामुळे ती दिसलीच नव्हती. जाताना दिसली. आत काहीतरी हललं. रानडुक्कर असेल, मोर असेल, नुसता वाराही असेल. माझे पाय जागच्या जागी थिजले. किती वेळ उभी होते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाळीवर गिरजाबाईने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "लागते." तिने विचारलं, "कधीपासून?" मी खरं ते सांगून टाकलं, "कालपासून." तेव्हा मात्र सगळ्या बाया पोट धरून हसल्या, आणि गिरजाबाईने पाण्याकडे हात केला.

गाव सावली तालुक्यातलं, वैनगंगेच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गिरजाबाईबद्दल विचारायला लोक तिथे जातात आणि घरच्यांना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तलाव मालगुजारांच्या काळातला, म्हणून आमच्याकडे त्याला मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी. एका बाजूला मातीची उंच पाळ, पाळीच्या टोकाला तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं दगडी दार, आणि पलीकडच्या काठाला जंगल सुरू. मी आले तेव्हा अर्ध्या तलावात बेशरम माजली होती. जांभळट गुलाबी फुलांची ती झाडं लांबून फार छान दिसतात. जवळ गेलं की तिच्या दाटीत दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पाणी कुजतं, आणि पाण्याखालचं जे गवत मासे अंडी घालायला शोधतात ते नावालाही उरत नाही. गावातली मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं याच तलावावर जगणारी. पुरुष जाळी घेऊन नदीवर नाहीतर तेलंगणात कामाला जायला लागले, आणि बाया काठाकाठाने जे चार मासे हाताला लागतील तेवढ्यापुरत्या रोज पाण्यात उतरायच्या. वाघिणीला मात्र त्या बेशरमीत उन्हाळाभर गारवा मिळायचा.

हो, वाघीण होती. हे आधीच सांगायला हवं होतं, पण त्या गावात ते कुणी वेगळं सांगत नाही. गिरजाबाई तिला शेजारीण म्हणायची. सकाळी काठच्या चिखलात पंजे उमटलेले दिसले की म्हणायची, "शेजारीण येऊन गेली वाटते. आज त्या बाजूनं जाऊ नोको कोनी." जसं काही कुणी विरजण मागायला आलं होतं.

गिरजाबाई ठेंगणी, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. पन्नाशीच्या पुढची असावी, तिला स्वतःला नक्की ठाऊक नव्हतं. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि भीतीबद्दल असं बोलायची जसं बाकीचे गुडघेदुखीबद्दल बोलतात. "काल रातच्याला नाई, दिवसाच भेव लागलं मले, भर दुपारी, मोहाच्या झाडापाशी. मंग मी परत आलो." बाई असून ती "आलो, गेलो" म्हणायची, तिकडच्या सगळ्याच बाया म्हणतात. मला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर मीही एकदा वरोऱ्याला घरी फोनवर "मी जेवलो" म्हणून गेले आणि आई घाबरली.

आमच्या घरात भीतीची लाज वाटायची. बाबा शाळेत मास्तर. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला, त्याआधीच्या पिढ्यांनी काय काय सोसलं हे ते आम्हा बहिणींना जेवताना सांगायचे आणि शेवटी बोट वर करायचे, "आपले लोक खूप पिढ्या भिऊन जगले. तुम्ही भ्यायचं नाही. कुणालाच नाही." त्यामुळे मी शाळेत पाली पकडल्या, कॉलेजात निवडणूक लढवली, आणि गिरजाबाईसमोर "छे" म्हटलं. हे तिला एकदा डबा खाताना सांगितलं. तिने भाकरीचा तुकडा तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. म्हणाली, "तुया बाप बरोबर सांगते. माणसाले भेऊ नोको. कोनताबी मोठा असो, त्याच्या डोळ्यात पाहून बोल. पन पाण्याले भेव, जनावराले भेव. त्याहीले तुया जातीपातीचं काई घेनंदेनं नाई." बाबांना मी हे कळवलं. ते म्हणाले, बाईला माझा जय भीम सांग.

आमच्या संस्थेची पद्धत अशी की कामाच्या आधी गावाकडून नकाशा काढून घ्यायचा. कागदावर नव्हे, जमिनीवर. समाजमंदिराच्या अंगणात मी रांगोळीने तलावाचा आकार काढला, बायांपुढे चिंचोके, पानं, खडे ठेवले आणि सांगितलं की मासे कुठे सापडतात तिथे चिंचोके ठेवा, पक्षी कुठे बसतात तिथे पानं. बाया एकमेकींना कोपरं मारत बसल्या. कुणी पुढे येईना. गिरजाबाई उठली, शेजारच्या घरातून चुलीतले विझलेले कोळसे ओंजळभर घेऊन आली, आणि नकाशावर एक एक ठेवत गेली. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "भेव." जिथे पाय अडकतो तो खड्डा, तिथे एक कोळसा. तिची जाऊ बुडाली त्या धारेत दोन. जिथे साप निघतात त्या दगडांवर एक. आणि पलीकडच्या काठाला, बेशरमीच्या दक्षिण कोपऱ्यात, उरलेली सगळी ओंजळ.

ते बघून बाकीच्या बाया पुढे सरकल्या. एक म्हणाली, इथी बी ठेव. दुसरी म्हणाली, तिथलं उचल, तिथं आता काई नाई. भीतीवरून त्या तासभर भांडल्या, आणि त्या भांडणातून मला सगळा तलाव कळला: पाणी कुठे खोल, मासा कुठे दडतो, बदकं कुठे उतरायची, जनावर कुठून पाण्यावर येतं. चिंचोक्यांनी हे सांगितलं नसतं. नकाशावर एकच जागा कोळशाविना राहिली, तुडूम. तिथे रोजचं येणं-जाणं, कपडे धुणं, भांडी घासणं. तिथे कशाला कोण भिणार, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. गिरजाबाईचंही. काम कुठून सुरू करायचं हे त्याच कोळशांवरून ठरलं. कमी भीतीकडून जास्त भीतीकडे. आणि ओंजळभर कोळशांच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. "तो तिचा. आपन तिच्या घरात गेलो तं थे आपल्या घरात येईन," असं गिरजाबाई म्हणाली आणि ग्रामसभेत तसंच लिहिलं गेलं.

मग कामाला लागलो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या तळात नांगर घालायचा, बेशरम कापायची नाही, मुळासकट उपटायची, कारण कापलेलं प्रत्येक कांडं नवीन झाड होतं. पाऊस पडून थोडं पाणी साचलं की दुसऱ्या गावांच्या तलावांतून पाण्याखालच्या गवताचे झुबके आणून भात रोवतो तसे रोवायचे. कुठलं गवत माशाला लागतं आणि कुठलं बदकाला, हे गिरजाबाई देठ मोडून वास घेऊन सांगायची. मी वहीत लिहायची. छातीभर पाण्यात उभं राहून वही डोक्यावर धरून लिहिणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पायाला खालून काही लागायचं. देठ असेल, मासा असेल. माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे ते पाण्याबाहेर येईपर्यंत बसायचे नाहीत. जवळजवळ दोन वर्षं याशिवाय एक दिवस गेला नाही.

एक दिवस हिवाळ्यात, चांगले दहा वाजलेले, ऊन पडलेलं, आम्ही पाण्यात होतो. गिरजाबाईने माझं मनगट धरलं. "हालू नोको." समोर, आमच्यापासून शाळेच्या मैदानाएवढ्या अंतरावर, बेशरमीतून वाघीण बाहेर आली, पुढचे पाय वाकवून पाणी प्यायला लागली. पिण्याचा आवाज ऐकू येत होता. वीस बाया पाण्यात आणि एकीच्याही तोंडातून शब्द नाही. माझ्या शेजारी गिरजाबाईची सून सुनंदा होती, तिचे दात वाजत होते. वाघिणीने मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. मला माझी आई आठवली, मग काहीच आठवेना. ती बघतच राहिली. मग वळली आणि आत गेली. आम्ही तरीही तशाच उभ्या. काठच्या झाडाची सावली बाजूला सरकेपर्यंत गिरजाबाईने कुणाला हलू दिलं नाही.

पाळीवर आल्यावर कुणी रडायला लागलं, कुणी नुसतंच बसलं. गिरजाबाई लुगडं पिळत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी तं पाण्यातच मुतलो बाप्पा." मग सुनंदा म्हणाली, "मी बी." मग आणखी एक. मग मी. आम्ही हसायला लागलो आणि ते हसू थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला एक बाई कमी नव्हती. मी गिरजाबाईला विचारलं, एवढी भीती वाटते तर येतेस कशाला? कधीतरी मी तिला "तू" म्हणायला लागले होते. ती म्हणाली, "भेव लागते म्हनून तं येतो. मले नाई लागलं तं बाकीच्याईकडे कोन पाहीन?"

तिचा नवरा भिणारा नव्हता. हे तिने एकदाच सांगितलं, घरी चहाला गेले होते तेव्हा. भिंतीवर हार घातलेला फोटो, मिशीवाला, देखणा माणूस. पुरात वैनगंगेत उडी टाकायचा, पैजेवर. एका पुरात परत आला नाही. "लय धीट होता," ती फोटोकडे बघत म्हणाली. "धीट मानसाचा फोटो भिताडावर असते. मी भेतो म्हनून तुले चहा देऊन राह्यलो." तिला त्याचा राग येत होता, इतक्या वर्षांनीही येत होता, आणि तो तिने लपवला नाही.

आमच्या सरांना मात्र तो दक्षिण कोपरा खुपायचा. अहवालात तलाव पूर्ण मोकळा झाला असं लिहायचं होतं. फोनवर मला म्हणाले, बायांना समजाव, तुझं कामच ते आहे. मला लाज वाटते, पण मी समजवायला गेले. गिरजाबाईने ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याले घेऊन ये. पाळीवर उभा कर. मी इचारतो." सर आले, गाडी पाळीपर्यंत आणली. हजेरीत गिरजाबाईने त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "भेव लागते का, साहेब?" सर हसून म्हणाले, "नाही हो, आम्ही किती जंगलं फिरलो." हात गावाकडे वळला. सर गाडीत जाऊन बसले, काचा वर करून. त्यांनी पुन्हा कोपऱ्याचं नाव काढलं नाही, हे त्यांचं मोठेपण मी मान्य करते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तलाव बदललेला दिसायला लागला. पाण्याखाली हिरवं दिसायचं. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी चालायचे. हिवाळ्यात बदकं उतरली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या पाळीवर येऊन बसल्या. आणि मासा आला. बायांनी ठरवलं की वर्षभर कुणी जाळं टाकायचं नाही, आणि टाकलं नाही. आता पहिलं जाळं टाकायचा दिवस ठरला होता.

त्याच सुमारास शेजारच्या गावाच्या हद्दीत एक वाघीण पकडली गेली. बातमी आमच्या गावात आली ती अशी, की आपली गेली. वनरक्षक दोनदा येऊन सांगून गेला की बाई, ती दुसरी असू शकते, सांभाळून राहा. पण काठावर पंधरा-वीस दिवस पंजे दिसले नव्हते. लोकांनी ऐकायचं होतं तेच ऐकलं. मीही ऐकलं. सुनंदाने तर बेशरमीच्या कोपऱ्याकडे बघून नमस्कार केला आणि म्हणाली, जा माय, सुखी राय. वाटेवरून एकटं यायला लागलो. मी पुन्हा फोनवर बोलत यायला लागले.

एक गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. हजेरी चालूच होती, पण उत्तरं नुसती तोंडपाठ झाली होती. गिरजाबाई विचारायच्या आतच बाया "हाव, लागते, लागते" म्हणत पाण्याकडे निघायच्या, गप्पा मारत. खोटंच सांगत होत्या. मीही सांगत होते.

जाळं टाकायच्या आदल्या दिवशी सकाळी हजेरी झाली. ऊन छान पडलं होतं. गिरजाबाई नवीन लुगडं नेसली होती, निळं. सगळ्यांचं "हाव" झालं. इतक्या दिवसांत कुणी तिला उलट विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आणि तुला गं गिरजाबाई? तुला लागते का?"

ती थांबली. खरोखर विचार करायला लागली, दुखणं कुठे आहे ते चाचपावं तशी. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "नाई बाप्पा," ती म्हणाली, "आज नाई लागून राह्यलं."

आम्ही वीस जणी होतो. एकटी ती खरं बोलली.

मी तिच्यासारखा हात केला, गावाकडे. तिच्याच आवाजात म्हटलं, "मंग घरी जाय. भेव नाई तिनं घरी जाय." सगळ्या हसल्या. ती सगळ्यांत जास्त हसली. म्हणाली, "हेच मायं घर हाय, पोरी," आणि विळा घेऊन तुडूमाकडे गेली. तिथे बेशरमीचे दोन-चार नवे कोंब दिसत होते, ते तिला उद्याच्या आत काढायचे होते. मी हसत हसत पाण्यात उतरले.

मला काही ऐकू आलं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण नाही आलं. जनावर पाहून टिटवी ओरडली असेल तर आम्ही बोलत होतो. थोड्या वेळाने सुनंदाने आत्याबाई म्हणून हाक मारली, ओ आली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तेव्हा ती भीती आली, सगळ्यांना एकदम, मागच्या सगळ्या दिवसांची राहिलेली. तुडूमाच्या दगडावर तिची एक चप्पल होती आणि विळा. गवत पाळीच्या खालच्या अंगाला लोळलेलं होतं.

बाया पळाल्या नाहीत. सगळ्या विळे दगडांवर आपटत, ओरडत, एकमेकींच्या पदराला धरून त्या लोळलेल्या गवतामागे गेल्या. मीही गेले. माझे पाय मला दिसत होते पण माझे वाटत नव्हते. वाघीण तिला सोडून गेली. आम्ही तिला घेऊन आलो. निळं लुगडं सुनंदाने स्वतःच्या पदराने झाकलं. याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

कुणी मला दोष दिला नाही. मला तो हवा होता. रात्री अंथरुणावर पडलं की माझाच हात डोळ्यांपुढे यायचा, गावाकडे केलेला. बरोबर दिशेला केला होता मी. शब्दही बरोबर होते. फक्त मी हसले. त्या बाईने इतक्या जणींना उन्हातान्हात दीड किलोमीटर परत पाठवलं, मला, सरांना, एकदा स्वतःच्या सुनेला. तिला परत पाठवायची पाळी एकदाच आली आणि तेव्हा पाळीवर मी होते.

गावातल्या पुरुषांनी दक्षिण कोपरा पेटवायचं ठरवलं होतं. सुनंदाने तो पेटवू दिला नाही. "आत्याबाईनं थो कोपरा ठेवला, अन् तिचा जीव त्या कोपऱ्यात नाई गेला," एवढंच ती ग्रामसभेत बोलली आणि खाली बसली. तलावात मात्र कुणी उतरलं नाही. जाळं टाकलं गेलं नाही. काठाने बेशरमीचे कोंब वर यायला लागले, आणि मी वरोऱ्याला जायची पिशवी भरली.

निघायच्या दिवशी सुनंदा खोलीवर आली. म्हणाली, "चाल." पाळीवर सगळ्या उभ्या होत्या. हजेरी घ्यायच्या जागेवर कुणी नव्हतं आणि पाण्याकडे कुणी पाऊल उचलेना. सुनंदाने मला धरून त्या जागेवर उभं केलं. मी म्हटलं, मी नाही विचारणार, मला तो अधिकार नाही. ती म्हणाली, "तू मंग इचारजो. आधी तुले इचारतो." आणि माझ्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, "भेव लागते का तुले, प्रज्ञा?"

तेव्हापासून तलावावर हा नियम आहे. जी विचारणार, तिला आधी विचारायचं. सुनंदा विचारते आणि मी म्हणते, "हाव, लागते," आणि ते एकदाही खोटं नसतं. मग मी एकेकीच्या तोंडाकडे बघते. घाईने "हाव" म्हणणारीला पुन्हा विचारते, तिसऱ्यांदाही विचारते. परवा एक नवीन सून आली होती, हसरी, धडधाकट. म्हणाली, "नाई जी, मले नाई लागत." मी गावाकडे हात केला. तिला वाटलं थट्टा आहे, ती हसली. आम्ही वीस जणी गप्प उभ्या होतो. ती बांधाच्या वाटेने चालत गेली, झुडपांच्या दाटीपाशी तिची पावलं मंदावली, मग भरभर पडायला लागली. ती गावात पोचून आमच्याकडे हात हलवेपर्यंत मी हात खाली केला नाही.